घरातील फ्रीज : मांडणी, जोडणी व सुरक्षित वापर

एके काळी फ्रीज ही शहरातील सधन कुटुंबांची वस्तू समजली जात असे. भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज गोदरेज कंपनीने १९५८ साली तयार केला. आज तो खेड्यापाड्यांतील घरांतही पोहोचला आहे. सायंकाळचे दूध, बाजारातून आणलेली भाजी, मळलेली कणीक, उन्हाळ्यातील थंड पाणी, इतकेच नव्हे तर कोंबड्यांची लस व घरातील वृद्धांचे इन्सुलिनही त्यात ठेवले जाते. अशा रीतीने फ्रीज ही केवळ चैनीची वस्तू राहिली नसून संसारोपयोगी साधन बनली आहे.

तथापि फ्रीज घेताना त्याचा रंग, आकार व किंमत जितक्या चौकसपणे पाहिली जाते, तितक्या काळजीने त्याची जागा व वीजजोडणी पाहिली जात नाही. परिणामी “फ्रीजला थोडा करंट येतो, चपला घालून उघड” हे वाक्य कित्येक घरांत अगदी सहजपणे बोलले जाते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या गृहिणीचे हात बहुधा ओले असतात, पाय अनवाणी असतात आणि लहान मुले तर चपलांची वाट पाहत नाहीत. म्हणून “थोडा करंट” ही सोसण्याची गोष्ट नव्हे. ती धोक्याची सूचना होय. फ्रीज निर्धोकपणे वापरायचा तर अर्थिंग, भोवतालची मोकळी हवा आणि आतील पुरेशी थंडी या तीन गोष्टी प्रत्येक घरात तपासून घेतल्या पाहिजेत.

फ्रीजचे कार्य कसे चालते

फ्रीजमधील थंडीचे तत्त्व शेतकऱ्यास अपरिचित नाही. मातीच्या माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती होताना माठातील उष्णता शोषली जाते; त्यामुळे पाणी गार होते. फ्रीजमध्ये हेच काम पाण्याऐवजी नळ्यांतून फिरणारा एक द्रव करतो. आतील भागात त्याची वाफ होते व तेथील उष्णता तो शोषून घेतो. खाली बसविलेला कॉम्प्रेसर ती वाफ दाबून पुढील नळ्यांत ढकलतो. तेथे तिचा पुन्हा द्रव होतो आणि आतून आणलेली उष्णता बाहेर टाकली जाते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. आतील उष्णता बाहेर टाकतो. ती टाकण्यास बाहेर मोकळी हवा नसेल, तर आत थंडी राहणार नाही. दुसरी, बाहेरील पत्र्याचे कपाट व आतील विजेवर चालणारा कॉम्प्रेसर एकमेकांस जोडलेले असतात. आतील एखाद्या तारेचे आवरण खराब झाले, तर वीज सरळ कपाटाच्या पत्र्यावर व मुठीवर येऊ शकते.

जागेची निवड

फ्रीज चुलीजवळ, गॅसच्या शेगडीजवळ किंवा उन्हाची तिरीप येणाऱ्या खिडकीखाली ठेवू नये. पत्र्याच्या छपराचे घर असल्यास त्यातील सर्वांत थंड भिंत निवडावी. मोरीलगतची जागाही टाळावी. तेथे पाणी उडते व जमीन सदैव ओली राहते. फ्रीजच्या मागे व दोन्ही बाजूंस सुमारे १० सेंटिमीटर आणि वर त्याहून थोडी अधिक मोकळी जागा असावी. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत वेगळे अंतर दिले असल्यास ते पाळावे. फ्रीजवर जाड कापड अंथरून ते मागे सोडण्याची पद्धत बंद करावी.

जमीन समपातळीत असावी. शेणाने सारवलेल्या किंवा ओबडधोबड फरशीच्या जमिनीवर भक्कम स्टँड घ्यावा व फ्रीज डुलत नाही हे पाहावे. पुढील पाय किंचित उंच ठेवल्यास दार आपोआप मिटते. धान्याच्या पोत्यांना लागून फ्रीज ठेवल्यास उंदीर त्यामागे आश्रय घेतात व तारा कुरतडतात. म्हणून ती दूर ठेवावीत.

घरी आणल्यावर

फ्रीज उभाच वाहून आणावा. टेम्पोत आडवा घालून आणला असल्यास तो उभा करून निदान चार तास, शक्य तर रात्रभर, तसाच राहू द्यावा. म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल पुन्हा आपल्या जागी उतरते. त्यानंतर तो दोन-तीन तास रिकामाच चालवावा आणि आत चांगला गारवा आल्यावर वस्तू ठेवाव्यात. फ्रीज निवडताना ऊर्जा दक्षता ब्यूरोची तारांकित पट्टी पाहावी. ही योजना २००६ साली सुरू झाली. पट्टीवर वर्षाकाठी किती युनिट वीज लागेल तो आकडा असतो. दोन सारख्या मापाच्या फ्रीजची तुलना त्या आकड्यावरून करावी.

अर्थिंग : सर्वांत महत्त्वाची बाब

फ्रीजच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी वरची पिन अधिक लांब व जाड असते. ही अर्थिंगची पिन होय. ती लांब असल्यामुळे प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जाते व काढताना सर्वांत शेवटी सुटते. तिचे एक टोक फ्रीजच्या पत्र्याशी व दुसरे घराबाहेर जमिनीत पुरलेल्या नळीशी किंवा पट्टीशी जोडलेले असते. पत्र्यावर वीज आली की ती या वाटेने जमिनीत उतरते आणि माणसाच्या अंगातून जात नाही.

दुर्दैवाने अनेक घरांत ही वाट अस्तित्वातच नसते. कोठे सॉकेटचे वरचे छिद्र रिकामे असते, कोठे तिसरी पिन मोडून टाकलेली असते, तर कोठे दोन पिनांचा जोड लावून काम भागविलेले असते. याहून घातक प्रकार म्हणजे बोर्डातच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या छिद्राशी जोडणे. तसे केल्याने काही काळ सर्व ठीक चालते. परंतु वाऱ्यावादळात किंवा सैल जोडामुळे न्यूट्रलची तार तुटली, तर २३० व्होल्टची वीज फ्रीजच्या पत्र्यावर येते. ज्या तारेने रक्षण करावयाचे, तीच जीव घेते. अर्थिंग आहे की नाही हे पाहण्यासाठी नुसता दिवा लावून बघणे पुरेसे नाही, कारण या चुकीच्या जोडणीतही दिवा पेटतो. परवानाधारक वायरमनकडून बोर्ड उघडून पाहावा व अर्थिंगचा रोध मापकाने मोजून घ्यावा. अर्थिंगचा खड्डा घराबाहेर ओलसर जागी असावा, उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालावे व गंजलेली तार बदलावी. पाण्याच्या नळास अर्थिंगची तार कधीही बांधू नये.

फ्यूज किंवा एमसीबी असल्यावर भय नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. फ्यूज व एमसीबी तारेचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यावर वीज तोडतो, तर माणसाच्या जिवास त्याच्या दोनशेव्या भागाइतका, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाहही घातक ठरू शकतो. यास्तव मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहावे. मात्र आरसीसीबी हा अर्थिंगचा सोबती आहे. त्याची जागा घेणारा नव्हे.

फ्रीजसाठी भिंतीवर स्वतंत्र सॉकेट असावे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर फ्रीज, मिक्सर व दूरदर्शन संच चालवू नयेत. मुठीस हात लावताच झिणझिण्या आल्या, तर फ्रीजला हात न लावता मुख्य स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि दुरुस्ती होईपर्यंत फ्रीज वापरू नये. कोणी फ्रीजला चिकटल्यास त्यास स्पर्श करू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा; ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्या व्यक्तीस दूर सारावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास बंद असल्यास, जाणकार व्यक्तीने रुग्णवाहिकेची वाट न पाहता छातीवर दाब देण्यास प्रारंभ करावा.

व्होल्टेज व वीज जाणे

खेड्यात सायंकाळी व्होल्टेज उतरते आणि अवेळी वीज जाते. व्होल्टेज फार कमी असता कॉम्प्रेसर चालू होण्यासाठी धडपडतो व तापतो. फ्रीज किती व्होल्टेजपर्यंत चालतो हे पुस्तिकेत दिलेले असते. घरातील व्होल्टेज त्याखाली जात असल्यास योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा. वीज गेल्यावर बटन बंद करावे आणि ती परत आल्यानंतर पाच मिनिटांनी चालू करावे. विजांचा कडकडाट होण्याची चिन्हे दिसताच प्लग काढून ठेवावा; कडकडाट सुरू झाल्यावर त्यास हात लावू नये.

वीज गेली असता दार वारंवार उघडू नये. बंद फ्रीजमध्ये सुमारे चार तास थंडी टिकते. कडक उन्हाळ्यात व भारनियमनाच्या दिवसांत तितकीही खात्री धरू नये. बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या पाऊण भरून गोठवून ठेवल्यास वीज गेल्यावर त्या खालच्या कप्प्यात ठेवता येतात. त्याहून अधिक काळ वीज नसल्यास दूध, शिजलेले अन्न, मांस व मासळी प्रथम वापरून टाकावी. शंका आल्यास फेकून द्यावी.

पुराच्या पाण्यात बुडालेला फ्रीज पाणी ओसरताच सुरू करणे अत्यंत धोक्याचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे घरोघरी पाणी शिरले होते. अशा प्रसंगी घराची वायरिंग व फ्रीज दोन्ही तपासून घेतल्याशिवाय बटन दाबू नये.

आतील थंडी किती असावी

अन्न नासविणारे जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. अनुकूल उष्णतेत एका जंतूचे सुमारे वीस मिनिटांत दोन होतात. या हिशेबाने चार तासांत एकाचे चार हजारांवर जातात. ५ अंशांच्या खाली ही वाढ मंदावते. ती थांबत मात्र नाही. फ्रीज अन्नाचे आयुष्य लांबवितो, नासलेले अन्न चांगले करीत नाही, हे सूत्र सर्वांनी ध्यानात ठेवावे.

फ्रीजच्या बटनावरील १, २, ३ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुधा मोठा आकडा म्हणजे अधिक थंडी. खरी थंडी पाहण्यासाठी पाण्याने भरलेल्या पेल्यात फ्रीजसाठी मिळणारा थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ५ अंश किंवा त्याहून थोडे कमी तापमान दिसले पाहिजे. दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा कागदाच्या तुकड्याने करावी. तुकडा दारात धरून दार लावल्यावर तो सहज निघून आला, तर पट्टी सैल झाली आहे असे समजावे.

काय, कोठे व कसे ठेवावे

शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. आमटीचे वा दुधाचे कढत पातेले तसेच आत ठेवू नये; त्याने इतर वस्तूही तापतात. ते थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावे. भाताची विशेष काळजी घ्यावी. तांदळातील एका प्रकारच्या जंतूची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिल्यास ती वाढून विष तयार करतात व सकाळी फोडणी दिल्याने ते विष नाहीसे होत नाही. सकाळी फोडणीचा भात करावयाचा असल्यास रात्रीच भात पसरट भांड्यात निववून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. शिजलेले अन्न दोन दिवसांत संपवावे व खाण्यापूर्वी वाफा येईपर्यंत गरम करावे. वास चांगला आहे म्हणून अन्न निर्दोष असेलच असे नाही.

कच्चे मांस व मासळी झाकणाच्या भांड्यात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी. त्यातील पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकू देऊ नये. दाराचा भाग सर्वांत उबदार असतो. तेथे दुधाऐवजी पाणी, लोणचे, चटण्या ठेवाव्यात. कप्पे खच्चून भरू नयेत; आतील हवाही फिरली पाहिजे.

सर्वच शेतमालास थंडी मानवत नाही. केळी १३ अंशांखाली काळी पडतात. कच्चा आंबा व हिरवा टोमॅटो फ्रीजमध्ये नीट पिकत नाही. तो बाहेर पिकवून मग ठेवावा. बटाट्यातील पिष्टाची साखर होते. कांदा व लसूण यांना हवेशीर कोरडी जागा हवी. पालेभाजी मात्र निवडून, कोरडी करून, कापडात गुंडाळल्यास चांगली राहते. बाजारासाठी तोडलेला भाजीपाला थोडा काळ टवटवीत ठेवण्यास फ्रीज अपुरा पडतो. त्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेला विटा व वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष अधिक उपयुक्त ठरेल. दोन भिंतींमधील वाळू पाण्याने भिजती ठेवावी लागते. वीज मुळीच लागत नाही.

लशी, औषधे व कीटकनाशके

मानमोडी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांवरील लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. लाळ्या-खुरकूत व घटसर्प यांच्या लशी गोठल्या तर निकामी होतात, आणि लस टोचूनही जनावर दगावले म्हणजे लशीसच दोष दिला जातो. म्हणून लस बर्फाच्या कप्प्यात किंवा दारात न ठेवता मधल्या कप्प्यात, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवावी व शक्य तितक्या लवकर वापरावी. न उघडलेल्या इन्सुलिनलाही हाच नियम लागू आहे. ट्रायकोकार्ड व कामगंध सापळ्यांतील ल्युअर घरच्या फ्रीजमध्ये ठेवावयाचे झाल्यास हवाबंद डब्यात, वर नाव लिहून ठेवावेत.

कीटकनाशक व तणनाशक मात्र कोणत्याही परिस्थितीत फ्रीजमध्ये ठेवू नये आणि पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ओतू नये. उन्हातून आलेले मूल फ्रीज उघडते आणि हाती येईल ती बाटली तोंडास लावते, हे विसरू नये. पेट्रोल, स्पिरिट यांसारखे पेट घेणारे पदार्थही आत ठेवू नयेत. बंद कपाटात त्यांची वाफ साठते व बटनाच्या ठिणगीने स्फोट होतो.

स्वच्छता व देखभाल

पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने आतील भाग पुसावा. मागील नळ्यांवरील धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. फ्रीजच्या मागे किंवा खाली पाणी साचण्याचे एक तबक असते. त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. गावात कोरडा दिवस पाळताना रांजण व पिंपांबरोबर हे तबकही आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे.

साचलेला बर्फ सुरी किंवा उलथन्याने खरवडू नये. नळी फुटली तर गॅस निघून जातो व फ्रीज निकामी होतो. शिवाय हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो. त्याचे प्रमाण १५० ग्रॅमपेक्षा अधिक नसते; तरीही गळतीची शंका आल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, काडी पेटवू नये व कोणतेही बटन दाबू नये. अशा फ्रीजच्या कॉम्प्रेसरजवळ ज्वालेचे चिन्ह असते. त्याची दुरुस्ती प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी.

जुन्या फ्रीजचे काय करावे

निकामी फ्रीज पेंड, बियाणे किंवा अवजारे ठेवण्यासाठी गोठ्यात किंवा अंगणात ठेवलेला दिसतो. लपाछपी खेळताना मूल आत शिरले व दार लागले, तर हवेअभावी ते गुदमरते. आतील ओरडणेही बाहेर ऐकू येत नाही. अमेरिकेत असे मृत्यू घडू लागल्यामुळे १९५६ साली कायदा करून आतून उघडता येणारी दारे सक्तीची करावी लागली. म्हणून जुन्या फ्रीजचे दार बिजागरीतून काढून टाकावे. मोडीत देताना तो २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा. भंगारात नळ्या फोडू देऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ग्रामसभा, महिला बचत गटाची बैठक किंवा शेतकरी मेळावा यांना जोडून फ्रीज तपासणीचा कार्यक्रम सहज घेता येईल. परवानाधारक वायरमन सोबत घ्यावा. एका घरी बोर्ड उघडून अर्थिंग दाखवावे, आरसीसीबीचे बटन दाबून दाखवावे व थर्मामीटरने थंडी मोजून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट लोक लवकर उचलतात. मग प्रत्येक घरी पुढील पाच प्रश्न विचारावेत : फ्रीजला हात लावता झिणझिण्या येतात काय? तिसऱ्या पिनेची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे काय? मागे १० सेंटिमीटर जागा आहे काय? मधल्या कप्प्यात ५ अंश थंडी आहे काय? आत अन्नाशेजारी विषारी औषध नाही ना?

फ्रीजसाठी कुटुंबाने हजारो रुपये खर्च केलेले असतात. त्या मानाने अर्थिंग करून घेण्याचा खर्च अगदी अल्प आहे. ज्या घरात “चपला घालून उघड” असे सांगितले जाते, त्या घरातील फ्रीज आजच बंद करावा, वायरमनला बोलवावे आणि जोडणी निर्दोष झाल्यावरच तो पुन्हा सुरू करावा.